पडजीभ : घशातील एक उपेक्षित अवयव

हृदय, फुफ्फुसे, यकृत, मेंदू या अवयवांची वर्णने आपण शरीरविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांतून वाचतो, त्यांच्या आकृत्या वहीत काढतो आणि परीक्षेत त्यांवरील प्रश्न सोडवितो. हे सारे अवयव त्वचेच्या व हाडांच्या आड दडलेले आहेत. ते प्रत्यक्ष पाहण्याचा योग आपणांस सहसा येत नाही. याउलट, आरशासमोर उभे राहून तोंड उघडताच जो अवयव समोर लोंबताना दिसतो, त्याच्याविषयी मात्र क्रमिक पुस्तके एखाद्या ओळीपलीकडे बोलत नाहीत. हा अवयव म्हणजे आपली पडजीभ. आकाराने ती बोराएवढीही नाही. पण जेवणे, बोलणे आणि श्वास घेणे या आपल्या तिन्ही नित्यकर्मांशी तिचा संबंध आहे. शिवाय तिच्याविषयीचे काही गैरसमज आजही घराघरांतून वावरत आहेत, आणि त्यांपैकी एकदोन चांगलेच अपायकारक आहेत. म्हणून यंदाच्या अंकात या लहानशा अवयवाचा परिचय करून द्यावा असे आम्ही योजिले आहे.

नावाची कुळकथा

प्रथम नावाचाच विचार करू. 'पडजीभ' म्हणजे 'पडलेली जीभ' असा अर्थ पुष्कळ जण करतात. परंतु तो बरोबर नाही. येथील 'पड' हे 'पडणे' या क्रियापदातून आलेले नसून संस्कृत 'प्रति' या उपसर्गाचे मराठी रूप आहे. पडसाद आणि पडछाया या शब्दांत जो 'पड' आहे तोच हा. सादाला उत्तर देणारा तो पडसाद, छायेची छाया ती पडछाया, तशी जिभेची जोडीदार ती पडजीभ. संस्कृतात तिला 'प्रतिजिह्वा' असे नाव आहेच. मुख्य जीभ खालून वर उचलते, तर ही वरून खाली लोंबते. तेव्हा हे नाव अगदी यथार्थ आहे.

आपण हैदराबादकर मराठी मंडळी चार भाषांच्या शेजारात वाढतो. त्यामुळे या अवयवाची निरनिराळी नावे आपल्या कानांवर पडतात. तेलुगूत तिला 'कोंडनालुक' म्हणतात. 'नालुक' म्हणजे जीभ. कन्नडात ती 'किरुनालिगे', म्हणजे लहान जीभ. हिंदी-उर्दू बोलणारे लोक मात्र तिला गळ्यातला 'कौआ' म्हणतात. युरोपीय लोकांना तिच्यात द्राक्ष दिसले. लॅटिन भाषेत 'उव्हा' म्हणजे द्राक्ष, आणि त्याचे लघुरूप 'उव्ह्यूला' हेच आज वैद्यकशास्त्रातील तिचे नाव आहे. प्राचीन ग्रीक वैद्य सुजलेल्या पडजिभेला 'स्टाफिले', म्हणजे द्राक्षांचा घोस, म्हणत. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घोसाप्रमाणे पुंजक्यांनी राहणारे जंतू दिसले, तेव्हा त्यांना याच शब्दावरून 'स्टॅफिलोकोकस' हे नाव मिळाले.

आपल्या पूर्वजांचेही लक्ष या अवयवाकडे फार पूर्वी गेले होते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत टाळूच्या मध्ये आचळाप्रमाणे लोंबणाऱ्या भागाचा निर्देश असून त्यास इंद्रयोनी असे गौरवाचे नाव दिले आहे. हठयोगाचे ग्रंथ तिला 'लंबिका' म्हणतात. सुश्रुतसंहितेत टाळूच्या रोगांची गणना करताना 'गलशुंडी' या नावाने पडजिभेच्या सुजेचे वर्णन आले आहे. तिच्याविषयी पुढे अधिक सांगू.

तिचे स्थान व रचना

तोंडाच्या छताला आपण टाळू म्हणतो. जिभेचे टोक दातांच्या मागून हळूहळू टाळूवरून मागे नेले, तर प्रथम कठीण भाग लागतो. हा कठीण टाळू. याच्या पोटात हाड आहे. आणखी मागे गेल्यावर जिभेला मऊ व लवचीक भाग जाणवतो. हा मृदू टाळू. यात हाड नसून स्नायू आहेत. या मृदू टाळूच्या मागच्या कडेच्या बरोबर मध्यावरून पडजीभ खाली लोंबते. तिची लांबी साधारणतः एक ते दीड सेंटिमीटर असते. पण नाके जशी सर्वांची सारखी नसतात, तशीच पडजीभही कोणाची आखूड, कोणाची लांब, कोणाची बारीक, तर कोणाची टपोरी असते.

तिच्या दोहों बाजूंना दोन मांसल कमानी उतरलेल्या दिसतात आणि त्या कमानींच्या बेचक्यात एकेक गाठ असते. या गाठी म्हणजे टॉन्सिल. पडजीभ आणि टॉन्सिल यांची अनेकांकडून गल्लत होते. टॉन्सिल दोन असतात व ते बाजूंना असतात. पडजीभ एकच असते व ती मध्यभागी असते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

पडजिभेच्या आत काय आहे? बाहेरून गुलाबी, ओलसर श्लेष्मल त्वचा. आत लाळेसारखा पातळ स्राव निर्माण करणाऱ्या असंख्य बारीक ग्रंथी. आणि मधून जाणारा एक नाजूक स्नायू. हा स्नायू आकुंचन पावला की पडजीभ आखडून वर जाते व मृदू टाळूच्या वरच्या अंगाला मध्यभागी एक उंचवटा तयार होतो. या उंचवट्याचे महत्त्व आता पाहू.

दोन रस्त्यांचा चौक

आपला घसा हा एक चौक आहे. वरच्या बाजूने नाकाचा रस्ता येतो, पुढून तोंडाचा रस्ता येतो. खाली पुढच्या अंगाला श्वासनलिका जाते, तर मागच्या अंगाला अन्ननलिका. हवा आणि अन्न ही दोन्ही वाहने याच चौकातून जातात. पण त्यांनी एकमेकांच्या रस्त्यात शिरता कामा नये. रस्त्यावरील चौकात पोलीस शिपाई हात वर करून एका बाजूची रहदारी थांबवितो, तशीच व्यवस्था निसर्गाने येथे केली आहे.

आपण घास गिळतो तेव्हा जीभ तो घास मागे ढकलते. त्याच क्षणी मृदू टाळू पडजिभेसह वर व मागे उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो. नाकाकडे जाणारा रस्ता बंद होतो. पडजिभेच्या स्नायूमुळे मध्यभागी जो उंचवटा येतो, तो या दाराची मधली फट बुजविण्यास साहाय्य करतो. इकडे स्वरयंत्र वर उचलले जाते, त्याच्यावरचे पानासारखे झाकण खाली वळते आणि श्वासनलिकेचा रस्ताही बंद होतो. आता घासाला अन्ननलिकेवाचून दुसरी वाट उरत नाही. घास घशातून उतरण्याचा हा सारा कारभार एका सेकंदाच्या आत उरकतो, आणि दिवसातून काही शे वेळा, झोपेतसुद्धा, तो आपल्या नकळत चालू असतो.

येथे एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. पाणी पिताना एकदम हसू आले तर कधी ते नाकातून बाहेर येते, तर कधी जोराचा ठसका लागतो. या दोन निरनिराळ्या चुका आहेत. नाकातून पाणी आले, तर वरचे दार वेळेवर लागले नाही असे समजावे. ठसका लागला, तर खालच्या झाकणाचा अंदाज चुकला असे समजावे. श्वासनलिकेवरील झाकण म्हणजेच पडजीभ अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु पडजिभेचा संबंध वरच्या दाराशी आहे, खालच्याशी नाही.

या दाराशी संबंध असलेली आणखी एक गंमत सांगतो. कानाच्या आतल्या पोकळीपासून घशापर्यंत एक बारीक नळी येते. मृदू टाळूला ताण देणारा स्नायू आकुंचन पावला की या नळीचे तोंड उघडते. म्हणूनच घाट चढताना किंवा विमान उतरताना कान दडे बसल्यासारखे झाले, की एकदोनदा आवंढा गिळल्याने ते मोकळे होतात.

तान्ह्या बाळाच्या घशात तर याहून सुंदर योजना असते. बाळाचे स्वरयंत्र मोठ्या माणसापेक्षा बरेच वर असते. इतके की त्यावरील झाकण मृदू टाळूपर्यंत पोहोचते. त्यामुळे दूध बाजूंनी खाली उतरत असताना नाकाने श्वास घेण्याचे काम फारसे अडत नाही. मूल वाढते तसतसे स्वरयंत्र खाली सरकते, घसा लांब होतो, आणि बोलण्यासाठी लागणारी ऐसपैस जागा तयार होते.

वाणी आणि पडजीभ

मराठी वर्णमालेत प्रत्येक वर्गाच्या शेवटी एक अनुनासिक आहे : ङ, ञ, ण, न, म. ही अनुनासिके आणि इतर व्यंजने यांत फरक कशामुळे पडतो? 'ब' आणि 'म' दोन्ही उच्चारताना ओठ सारखेच मिटतात. तरीही ध्वनी भिन्न येतो, कारण 'ब' म्हणताना मृदू टाळूचे दार बंद असते, तर 'म' म्हणताना ते उघडे राहून हवा नाकातून जाते. प्रत्येक वाक्य बोलताना हे दार कितीतरी वेळा उघडते आणि मिटते. 'नमस्कार' हा एकच शब्द घ्या : 'न'ला दार उघडे, 'म'लाही उघडे, आणि पुढे 'स्कार' येताच ते बंद.

वाचकांनी हे स्वतः पडताळून पाहावे. त्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही.

पहिला प्रयोग : नाक दोन बोटांनी घट्ट दाबून धरा आणि 'काका' म्हणा. उच्चार स्वच्छ येईल. आता तसेच नाक दाबून 'मामा' म्हणा. मामांचे जवळजवळ 'बाबा' होतील! सर्दीने नाक चोंदलेला मनुष्य असे का बोलतो, याचे उत्तर यातच आहे.

दुसरा प्रयोग : एक लहान थंड आरसा नाकाखाली आडवा धरा. लांबवर 'आ' म्हणा. आरसा बहुधा स्वच्छ राहील. मग ओठ मिटून 'म्' हा ध्वनी लांबवा. आरशावर तत्काळ वाफ जमेल. पहिल्या वेळी नाकाचे दार बंद होते, दुसऱ्या वेळी उघडे होते.

तिसरा प्रयोग : चांगल्या उजेडात आरशासमोर तोंड उघडून 'आ' म्हणा. पडजीभ टुणकन वर उचललेली दिसेल. डॉक्टर आपणांस 'आ' म्हणावयास सांगतात ते केवळ घसा दिसावा म्हणून नव्हे. पडजीभ सरळ वर गेली, तर त्या भागातील दोन्ही बाजूंचे मज्जातंतू ठीक आहेत असे कळते. एका बाजूचा मज्जातंतू निकामी झाला असेल, तर उचलताना पडजीभ निरोगी बाजूकडे ओढली जाते. एवढ्याशा अवयवाकडे पाहून जाणत्या वैद्याला मेंदूपासून निघालेल्या तंतूंची वार्ता मिळते.

जगातील काही भाषांत पडजीभ स्वतःच उच्चाराचे स्थान बनते. फ्रेंच भाषेतील आणि जर्मन भाषेच्या अनेक बोलींतील 'र' आपल्यासारखा जिभेच्या टोकाने न काढता घशात, पडजिभेजवळ घोळविला जातो. अरबी भाषेतील 'क़ाफ' हा वर्ण जिभेचा मागचा भाग पडजिभेजवळ टेकवून उच्चारतात; आपल्या 'क'पेक्षा त्याचे स्थान बरेच मागे आहे. हा वर्ण असलेले कितीतरी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले : कलम, कायदा, किल्ला, कर्ज, हक्क. मराठीने ते सारे शब्द आपलेसे केले, मात्र त्यांचा उच्चार पुढे आणून आपल्या 'क'वर बसविला. आपल्या हैदराबादच्या दखनीने दुसरीच वाट धरली. तीत या 'क़'चा घर्षणयुक्त 'ख़' होतो आणि 'कलम'ची 'ख़लम' होते. बाजारात ज्याने कान उघडे ठेवले आहेत, त्याला हे निराळे सांगावयास नको. एका वर्णाने तीन भाषांत तीन घरे केली, आणि त्या घरांमधील अंतर पडजिभेपासून मोजता येते!

पडजीभ हवीच कशाला?

मृदू टाळू दार म्हणून काम करतो हे खरे. पण त्याच्या टोकाला हा लोंबता तुकडा असण्याचे विशेष प्रयोजन काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडलेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याने आवाजाला साहाय्य करणे आणि आत जाणाऱ्या हवेपासून घशाचे रक्षण करणे ही कामे तिच्याकडे दिली होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पडजिभेचे सूक्ष्म निरीक्षण करून असे दाखविण्यात आले, की तिच्यात पातळ लाळ स्रवणाऱ्या ग्रंथी विपुल आहेत व थोड्या वेळात ती पुष्कळ स्राव देऊ शकते. त्याच अभ्यासात इतर अनेक सस्तन प्राण्यांचे टाळू तपासले असता, बबून जातीच्या माकडांत आढळलेल्या लहानशा अंकुराखेरीज इतरत्र पडजीभ दिसली नाही. यावरून, घसा सतत ओलसर ठेवून अस्खलित बोलणे सुकर करणे हे तिचे एक कार्य असावे, असे मत पुढे आले. मनुष्याखेरीज कोणताही प्राणी घटकाघटका भाषण करीत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे हे मत लक्षणीय वाटते.

याला दुजोरा देणारा अनुभव शस्त्रक्रियांतून मिळाला. झोपेत मृदू टाळू व पडजीभ शिथिल होतात. श्वासाच्या झोताने ती थरथरू लागली की घोरण्याचा आवाज येतो. काही जणांचा तर झोपेत श्वासच मधूनमधून अडतो. अशा रुग्णांसाठी पडजीभ व टाळूचा काही भाग काढण्याची शस्त्रक्रिया १९८१ मध्ये अमेरिकेत डॉ. फुजिता यांनी प्रसिद्ध केली व ती पुढे बरीच प्रचारात आली. परंतु अशा शस्त्रक्रियेनंतर कित्येक रुग्णांना घसा कोरडा पडणे, घशात काही अडकल्यासारखे वाटणे, क्वचित पाणी नाकात येणे असा त्रास होऊ लागला. जी वस्तू निरुपयोगी समजून काढावी, ती गेल्यावर उणीव भासते, याचा अर्थ ती निरुपयोगी नव्हती. आता अशी शस्त्रक्रिया रुग्णांची पुरती पारख करूनच केली जाते.

जन्मतः दुभंगलेली पडजीभ

आईच्या पोटात बाळाचा टाळू दोन बाजूंनी वाढत येऊन मध्यभागी जुळतो. जुळण्याची ही क्रिया पुढून मागे सरकत जाते, आणि पडजीभ सर्वांत शेवटी सांधली जाते. ही क्रिया अपुरी राहिली तर टाळू दुभंगलेला राहतो. अशा बाळाचे दूध नाकातून येते व पुढे बोलणे गेंगाणे होते. हा कोणाचा शाप नव्हे, आणि ग्रहणात आईने काही चिरल्याचा परिणाम तर मुळीच नव्हे. बहुधा एक वर्षाच्या आगेमागे शस्त्रक्रिया करून टाळू शिवता येतो, आणि नंतर उच्चारांचे शिक्षण दिल्यास मूल स्पष्ट बोलू लागते.

काही लोकांत मात्र टाळू जुळलेला असून केवळ पडजिभेला टोकाशी दोन फाटे असतात. शंभरात एकदोघांची पडजीभ अशी असते. बहुतेकांना त्याचा काहीच उपद्रव होत नाही. परंतु फाटे असलेली पडजीभ, गेंगाणे बोलणे आणि दूध-पाणी नाकात येणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर वरून अखंड दिसणाऱ्या टाळूच्या आतील स्नायू जुळलेले नसण्याची शक्यता असते. असे मूल डॉक्टरांना दाखवावे. नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी काढण्यापूर्वीही शल्यवैद्य पडजीभ पाहतात, कारण अशा मुलाच्या ग्रंथी काढल्यास दारातील फट उघडी पडून बोलणे अधिक बिघडू शकते.

शाळेतील मुलांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वर्गात एखादा सोबती गेंगाणे बोलत असेल, तर त्याची नक्कल करण्यात पराक्रम नाही. त्याच्या घशातील एक दार नीट लागत नाही, एवढेच ते आहे. त्याच्या बुद्धीचे दार तुमच्याआमच्याइतकेच उघडे आहे.

'पडजीभ पडली' आणि घरगुती उपाय

घसा दुखू लागला, खोकल्याची ढास लागली, की 'याची पडजीभ पडली आहे' असे निदान घरातील वडीलधारी माणसे करतात. मग कोठे बोटाला मीठ-मिरपूड लावून पडजीभ वर दाबतात, तर कोठे डोक्यावरचे केस ओढून ती 'उचलतात'. हेतू प्रेमाचाच असतो, यात शंका नाही. परंतु पडजीभ ही काही खुंटीवरून निसटलेली पिशवी नव्हे, की जी उचलून पुन्हा अडकवावी. सर्दीने, जंतूंच्या संसर्गाने, अतिशय घोरल्याने किंवा चटका बसल्याने ती सुजते आणि लांबट दिसू लागते. जिभेला टेकल्यामुळे घशात काही अडकल्याची भावना होते व ढास लागते. सूज ओसरली की ती पूर्ववत होते. केस ओढून काहीच होत नाही; आणि बोट घातल्याने ओकारी येते, नख लागून जखम होते, लहान मुलाच्या बाबतीत तर गुदमरण्याचे भय असते.

तेलुगू भाषेत या संदर्भात एक मार्मिक म्हण आहे. पडजिभेला औषध घातले, तर होती ती जीभच गळून गेली, असा तिचा आशय. लहानशा दुखण्यावर आडदांड उपचार करणाऱ्यांसाठी ती आपल्या शेजाऱ्यांनी योजिली आहे, आणि तिच्यासाठी त्यांनी नेमकी पडजीभच निवडावी, यात मोठा अनुभव साठविलेला आहे.

आफ्रिकेतील नायजेरिया, नायजर, इथिओपिया इत्यादी देशांत पारंपरिक वैदू लहान मुलांची पडजीभ कापून टाकीत आल्याची नोंद आहे. त्यातून रक्तस्राव, जंतुसंसर्ग व धनुर्वात होऊन मुले दगावली आहेत. आपल्याकडे सुश्रुताने गलशुंडीवर छेदनकर्म सांगितले आहे, पण त्याबरोबर किती सावधगिरी सांगितली आहे, ते पाहण्यासारखे आहे. फार कापल्यास रक्तस्रावाने मृत्यू ओढवतो, कमी कापल्यास सूज व इतर उपद्रव होतात, असे त्याने स्पष्ट बजाविले आहे. ज्या आचार्याच्या नावाने आपण शल्यविद्येचा अभिमान बाळगतो, त्याने अज्ञानी हातांना या कामी मोकळीक दिलेली नाही.

मग करावे काय? साधी सूज असेल तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात, पाणी भरपूर प्यावे, फार तिखट व अतिगरम पदार्थ काही दिवस टाळावेत. दोनतीन दिवसांत उतार न पडल्यास, ताप असल्यास किंवा गिळणे अवघड झाल्यास डॉक्टरांकडे जावे. आणि एखादे औषध, खाद्यपदार्थ वा कीटकदंश यांनंतर पडजीभ, ओठ किंवा जीभ एकाएकी सुजून श्वास कोंडू लागला, तर घरगुती उपायांत एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

घटसर्पाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. या रोगात टॉन्सिलवर व पडजिभेवर करड्या रंगाचा चिवट पापुद्रा चढतो, आणि रोगाच्या विषाने काही आठवड्यांत मृदू टाळू लुळा पडून पाणी नाकातून येऊ लागते. घटसर्प आपल्या देशातून अद्याप समूळ गेलेला नाही. त्याची प्रतिबंधक लस बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात, पुढे सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाचव्या-सहाव्या वर्षी देतात. नंतर दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची जोडलस सरकारी योजनेतून विनामूल्य मिळते. शेवटच्या दोन लसींचे वय म्हणजे आपले शाळेचे वय. तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन आपले लसीकरणाचे पत्रक जरूर तपासावे.

सुपारीचा घाला

शेवटी ज्या संकटासाठी हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला, त्याकडे वळू. सुपारी, मावा, खर्रा, गुटखा यांची सवय शाळेच्या वयातच लागते. सुपारीतील द्रव्यांमुळे तोंडाच्या आतील त्वचेखाली चिवट तंतू साठू लागतात. आधी तिखट सोसेनासे होते. मग गाल व टाळू पांढरट आणि ताठ होत जातात. तोंड उघडेनासे होते. पडजीभ आखडून कळीसारखी बारीक होते, किंवा एका बाजूला वाकते. दाराचा लवचीकपणा गेल्यामुळे गिळणे व बोलणे बिघडते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली टाळूच्या या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९६६ साली डेन्मार्कचे पिंडबोर्ग व मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. या विकारातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असा निर्णय कर्करोगाचे संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली दिला. 'आम्ही तंबाखू कोठे खातो, नुसती सुपारीच तर खातो,' या समाधानाला आता काही आधार उरलेला नाही. साठलेले तंतू औषधाने पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. म्हणून सवय लागण्यापूर्वी, आणि लागलीच असेल तर आजच, ती सोडणे हाच खरा उपाय.

याची एक साधी परीक्षा आहे. आपल्याच हाताची तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे जुळवून, एकाखाली एक अशी, वरच्या व खालच्या पुढील दातांच्या मध्ये धरून पाहा. निरोगी माणसाच्या तोंडात ती सहज मावतात. मावत नसतील, आणि सुपारीची सवय असेल, तर विलंब न लावता दंतवैद्यास दाखवावे. ही परीक्षा विद्यार्थ्यांनी आपल्या घरीही, वडीलधाऱ्यांना विनंती करून, घेण्यास हरकत नाही. मुलाने आग्रह केला म्हणून एखाद्या काकांनी पुडी टाकून दिली, तर विज्ञानाच्या तासाचे ते मोठेच फळ म्हणावे लागेल.

पडजीभ स्वतः दुखत नाही तोवर कोणाला तिची आठवण होत नाही. ती मागत काही नाही. घासाला योग्य वाट मिळावी आणि शब्दाला योग्य नाद मिळावा, यासाठी तिची ये-जा अखंड चालू असते. तिला नखे लावू नयेत, तिच्यावर अघोरी उपाय करू नयेत, आणि सुपारीने तिला जखडू नये, एवढे पथ्य आपण पाळले तरी पुष्कळ झाले. वाचकांनी आज रात्री दात घासताना एकवार तोंड उघडून तिचे दर्शन घ्यावे आणि 'आ' म्हणून ती सरळ वर जाते की नाही, ते पाहावे, अशी आमची विनंती आहे.